व्हिएतनामचा सांस्कृतिक आणि निसर्गप्रवास : आधी तारीख, मग नकाशा

व्हिएतनामच्या सहली बिघडतात त्या बहुतेक वेळा घरबसल्याच. आधी ठिकाणांची यादी होते, मग शाळेची सुट्टी बघून तारखा ठरतात, त्यानंतर स्वस्त विमान सापडतं आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी पाऊस कधी असतो ते बघतं. हा क्रम उलटा आहे. उत्तर-दक्षिण पसरलेल्या या लांबलचक देशात एकाच आठवड्यात हनोईत स्वेटर लागतो, होई आनमध्ये रस्त्यावरून होड्या चालतात आणि हो ची मिन्ह सिटीत घाम निथळत असतो.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिले दोन झाल्याशिवाय एकही पैसा भरू नका.

## १. तारखेवरून प्रदेश ठरवा

देशाचे तीन भाग वेगवेगळे मोजायचे.

उत्तर (हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँगचा उपसागर, डोंगराळ सीमाभाग) : ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी आणि चिकट भुरभुर. जून ते ऑगस्ट उकाडा, पाऊस, आणि किनाऱ्यावर सप्टेंबरपर्यंत वादळांची शक्यता.

मध्य (फाँग न्या, हुए, दा नांग, होई आन) : फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडा, त्यातले जून-जुलै भाजून काढणारे. सप्टेंबर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मुसळधार पाऊस आणि पूर.

दक्षिण (हो ची मिन्ह सिटी म्हणजेच सैगॉन, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, कात तिएन राष्ट्रीय उद्यान) : डिसेंबर ते एप्रिल कोरडा, मे ते नोव्हेंबर पावसाळा. मात्र हा पाऊस बहुधा दुपारी तास-दोन तास कोसळून थांबतो, आपल्यासारखी आठवडाभराची झड नसते.

आता हे आपल्या सुट्ट्यांशी जुळवून बघा.

दिवाळीच्या सुट्टीत मध्य व्हिएतनाम टाळायचाच. हे दिवस बरोबर पुराच्या हंगामात येतात. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी हुए आणि होई आन ही दोन्ही शहरं पाण्याखाली गेली होती. ‘पाहू, नशिबात असेल तर ऊन पडेल’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण नदी चढली की फाँग न्याची गुहाही बंद होते. दिवाळीत फक्त उत्तर करा : हनोई, निन्ह बिन्ह आणि डोंगरातला ‘हा जियांग’ नावाचा भाग.

नाताळात दक्षिण करा. मेच्या सुट्टीत उत्तर आणि मध्य दोन्ही होतात, पण बाहेरचं सगळं सकाळी सहा ते दहा या वेळात बसवावं लागतं. मेच्या अखेरीला निन्ह बिन्हजवळच्या ताम कोकची भातशेती पिवळी होते, एवढी एक भरपाई उकाड्याला आहे. मोकळीक असेल तर फेब्रुवारीची अखेर ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला.

इशारा : ‘तेत’ म्हणजे तिथलं चांद्र नववर्ष. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे मिळून सुमारे दहा दिवस गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत, कौटुंबिक खानावळी बंद असतात आणि उघड्या असलेल्या जादा पैसे घेतात. सण बघायला म्हणून जाल तर बंद शटर बघून याल.

## २. ठिकाणं नव्हे, रात्री मोजा

‘दहा दिवसांत हनोई, सापा, हा लाँग, दा नांग, सैगॉन, फू क्वोक’ असा कार्यक्रम म्हणजे विमानतळांची सहल. एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जाण्यात अर्धा दिवस जातो असं धरा. म्हणून एका ठिकाणी किमान दोन रात्री हव्यात.

संस्कृती आणि निसर्ग दोन्ही हवं असेल आणि तारखा फेब्रुवारी ते मे यांत बसत असतील, तर हा बारा रात्रींचा मार्ग घ्या :

- हनोई : २ रात्री
- निन्ह बिन्ह : २ रात्री
- रात्रीची रेल्वे, निन्ह बिन्ह ते डाँग होई (फाँग न्यासाठीचं स्थानक) : १ रात्र
- फाँग न्या : २ रात्री
- हुए : २ रात्री
- होई आन : ३ रात्री, आणि दा नांगहून परत

यात ‘हा लाँग’ नाही, याची जाणीव आहे. हा लाँगच्या समुद्रात दिसतात तसेच चुनखडीचे सुळके निन्ह बिन्हच्या त्रांग आनमध्ये गोड्या पाण्यातून बघता येतात आणि वादळाच्या इशाऱ्याने तिथला दिवस सहसा वाया जात नाही. हा लाँग हवंच असेल तर दोन रात्री वाढवा आणि ते सहलीच्या सुरुवातीला ठेवा. बोटी सोडायच्या की नाही हे बंदर प्रशासन ठरवतं. शेवटच्या दिवशी फेरी रद्द झाली तर दुसरा दिवस हातात नसतो.

हनोईत उतरून हनोईहूनच परत यायचा हट्ट नको. येण्याचं शहर एक आणि जाण्याचं दुसरं ठेवलं की उलटा प्रवास वाचतो. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. दा नांगहून थेट मिळालं नाही तर तिथून सैगॉनपर्यंत देशांतर्गत विमान घ्या, पण मधे किमान पाच तास ठेवा.

तपासा : कागदावर प्रत्येक रात्रीपुढे गावाचं नाव लिहा. एकेकच रात्र असलेली दोन गावं लागोपाठ आली तर त्यातलं एक खोडा.

## ३. ई-व्हिसा : इथे सर्वाधिक चुका होतात

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. एका प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर, अनेक प्रवेशांचं ५० डॉलर, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा असतो. शोधयंत्रात वर दिसणारी इतर संकेतस्थळं दलालांची असतात, तिथे दुप्पट-तिप्पट पैसे जातात. अर्ज तीन ते चार आठवडे आधी करा. कामाचे दिवस मोजताना शनिवार-रविवार धरू नका, आणि ३० एप्रिल, १ मे, २ सप्टेंबर या तिथल्या सुट्ट्याही वगळा.

नाव. मराठी माणसाच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात मधलं नाव गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत, आणि विमान कंपनी मुंबईलाच अडवू शकते. पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच भरा. विमानाच्या तिकिटावरही तेच नाव हवं.

पासपोर्टच्या पानाचा फोटो. पानाच्या तळाशी असलेल्या, बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी पूर्ण दिसल्या पाहिजेत. कडा कापली गेली किंवा लॅमिनेशनवर चकाकी आली तर अर्ज परत येतो. चेहऱ्याचा फोटो चष्म्याशिवाय.

सुरुवातीची तारीख. मुंबईहून विमान रात्री सुटतं आणि दुसऱ्या दिवशी पोहोचतं. व्हिसाची तारीख पोहोचण्याची असते, निघण्याची नव्हे. हॉटेलच्या बुकिंगमध्येही हीच गफलत होते. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असतं.

प्रवेशांची संख्या. मधेच अंगकोर बघायला कंबोडियात जाऊन परत व्हिएतनामला यायचं असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा सीमा ओलांडताच संपतो.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने आणि दोन कोरी पानं हवीत. लहान मुलाचा पासपोर्ट वेगळा असल्यामुळे त्याचा अर्जही वेगळा.

तपासा : व्हिसा आला की लगेच पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, नाव आणि प्रवेशाची तारीख दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही. चूक असेल तर नवा अर्ज करा, विमानतळावर ‘बघू’ म्हणू नका. दोन छापील प्रती ठेवा.

## ४. तिकिटं आणि मुक्काम

आंतरराष्ट्रीय विमान, मग रात्रीची रेल्वे, मग फाँग न्यातला मुक्काम, आणि उरलेलं नंतर. हुए आणि होई आनमध्ये खोल्या भरपूर असतात. रेल्वेचे चांगले बर्थ मात्र लवकर जातात.

रेल्वेत ‘सॉफ्ट स्लीपर’ म्हणजे चार बर्थचा बंद कप्पा आणि ‘हार्ड स्लीपर’ म्हणजे सहा बर्थचा. सहातला सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त असतो तो उगाच नाही, तिथे उठून बसताही येत नाही. निन्ह बिन्ह ते डाँग होई सुमारे आठ तास. गाडी पहाटे-सकाळी पोहोचते आणि स्थानकावर थांबते थोडाच वेळ, म्हणून अर्धा तास आधीचा गजर लावा.

हुए ते दा नांग सुमारे १०० किमी. अडीच-तीन तासांचा हा प्रवास दिवसाउजेडी रेल्वेनेच करा. हाय वान घाटात रूळ अगदी समुद्राच्या कडेने जातात. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे असतो, म्हणून डावीकडची खिडकी घ्या आणि बर्थऐवजी ‘सॉफ्ट सीट’ निवडा. होई आनला रेल्वे स्थानक नाही आणि विमानतळही नाही. दा नांगला उतरून ३० किमी गाडीने जायचं.

रात्रीच्या स्लीपर बस स्वस्त असतात, पण बर्थ तिथल्या सरासरी उंचीचे आहेत. साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाचे पाय दुमडलेलेच राहतात.

इशारा : १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामच्या प्रांतांची संख्या ६३ वरून ३४ झाली. होई आन आता दा नांग शहरात मोडतं, फाँग न्याचा पूर्वीचा क्वांग बिन्ह प्रांत क्वांग त्रीमध्ये गेला. जुने पत्ते, नवे पत्ते आणि नकाशे जुळत नाहीत. टॅक्सीवाल्याला प्रांताचं नाव सांगण्यापेक्षा हॉटेलची नकाशावरची खूण दाखवा.

## ५. पैसे, फोन, औषधं

डाँग या तिथल्या चलनाच्या नोटांवरची शून्यं पाहून माणूस गडबडतो. सोपी रीत : शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा. १,००,००० डाँग म्हणजे साधारण ३५० रुपये.

२०,००० आणि ५,००,००० च्या नोटा दोन्ही निळसर आहेत. संध्याकाळी, टॅक्सीत, घाईत एकाऐवजी दुसरी दिली की पंचवीसपट पैसे जातात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

रोख म्हणून डॉलर न्या, पण कोरे करकरीत. दुमडलेली, शिक्का किंवा शाई लागलेली नोट कमी भावात घेतात किंवा घेतच नाहीत. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी चालू करा. भारतीय सिमवर मेसेज येण्यापुरतं रोमिंग ठेवा, नाहीतर तिथे बसून ऑनलाइन तिकीट काढताना ओटीपी येत नाही. ‘ग्रॅब’ हे टॅक्सीचं अ‍ॅप भारतातूनच नोंदवून घ्या आणि पैसे देण्याचा पर्याय ‘रोख’ ठेवा. शहरांत ते उत्तम चालतं, फाँग न्यासारख्या खेड्यात हॉटेलवाल्यालाच गाडी सांगावी.

प्लगच्या बाबतीत आपली बारीक गोल दोन पिनांची चार्जरं चालतात, तीन पिनांना अ‍ॅडॉप्टर लागतो. डेंग्यू आहे, तेव्हा डासांचं मलम हवंच. जंगलात पावसाळ्यात जळवा असतात, लांब मोजे न्या. नळाचं पाणी प्यायचं नाही. ई-सिगारेटवर १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे. ड्रोन परवान्याशिवाय उडवता येत नाही, तो घरीच ठेवा.

इशारा : स्कूटर भाड्याने सहज मिळते, याचा अर्थ ती चालवणं कायदेशीर आहे असा नाही. भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसार दिला जातो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानतो. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कलम काढून हात वर करते. सायकल घ्या, किंवा चालकासह गाडी.

## ६. शाकाहारी असाल तर

‘व्हेज’ हा शब्द तिथे कामाचा नाही. भाज्या परतताना मासळीचा रस, ‘न्युअक माम’, पडतोच, आणि स्वयंपाक्याच्या लेखी ती भाजीच असते. ‘फो’ नूडल्समधून मांसाचे तुकडे काढून दिले तरी रस्सा हाडांचाच असतो.

योग्य शब्द आहे ‘चाय’, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. ‘तोय आन चाय’ : मी शाकाहारी खातो. (हनोईत ‘चा’ म्हणजे चहा, तेव्हा चहा मागताना जपून.) उच्चार सपाट ठेवा, आणि वाक्य व्हिएतनामी लिपीत फोनवर ठेवून दाखवा. पाटीवर हा शब्द असलेल्या खानावळीत मांस, मासे आणि मासळीचा रस नसतो, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. हुएमध्ये अशा खानावळी भरपूर. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येनंतर आणि पौर्णिमेच्या सुमारास, अनेक स्थानिक लोकही चाय खातात. कालनिर्णय बघून हे दिवस सहज काढता येतात, फार तर एका दिवसाचा फरक पडेल.

फाँग न्यात पर्याय कमी. तिथल्या दोन दिवसांसाठी कोरडा खाऊ जवळ असू द्या.

## ७. प्रत्यक्ष दिवस कसे लावायचे

हनोई. हो ची मिन्ह समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, उरलेल्या दिवशी फक्त सकाळी उघडी, आणि उन्हाळ्यात देखभालीसाठी काही आठवडे पूर्ण बंद. हाफ पँट चालत नाही. ती सकाळी करा, मग साहित्य मंदिर. वंशशास्त्र संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्यामुळे सोमवारी हनोईत पोहोचणार असाल तर तो दिवस जुन्या पेठेत फिरायला ठेवा.

निन्ह बिन्ह. त्रांग आन हे २०१४ पासून संस्कृती आणि निसर्ग अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारसा यादीत आहे. होडी चार जणांची, फेरी सुमारे तीन तासांची. मार्ग तिकीट घेतानाच निवडायचा असतो. पहिल्यावर गुहा जास्त आणि देवळंही, तिसऱ्यावर गुहा मोजक्या, पण त्यातली एक सुमारे एक किलोमीटर लांब. छत जागोजाग इतकं खाली येतं की वाकून बसावं लागतं. पाठ दुखत असेल तर आधी विचारा. साडेसातपर्यंत धक्क्यावर पोहोचा, नऊनंतर हनोईच्या बस येऊन उतरतात.

दुसऱ्या दिवशी वान लाँगचं पाणथळ अभयारण्य. फक्त व्हिएतनाममध्ये आढळणारी डेलाकूर लंगुर माकडं तिथल्या कड्यांवर दिसतात. दुपारी दोनला जाऊन ‘काहीच नाही’ म्हणणारे बरेच असतात. माकडं उतरतात ती उन्हं कलल्यावर, म्हणून चारच्या पुढची होडी घ्या आणि दुर्बीण न्या.

फाँग न्या. दोन गुहा, दोन वेगळ्या सकाळी. फाँग न्या गुहेत होडीने जातात. होडीचं भाडं संपूर्ण होडीचं असतं आणि त्यात बारापर्यंत माणसं बसतात, म्हणून धक्क्यावर इतरांबरोबर वाटून घ्या. स्वर्गगुहा ३१ किमी लांब आहे, त्यातला पहिला किलोमीटर लाकडी पायवाटेचा. तिथे पोहोचायला शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी इथे घाई करू नये.

इशारा : या भागात युद्धातले न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. आखलेली वाट सोडून फोटोसाठीसुद्धा झाडीत शिरू नका. होई आनजवळच्या ‘मी सन’ मंदिरांच्या परिसरातही हाच नियम.

हुए. राजवाडा एक सकाळ घेतो. राजांची थडगी बरीच आहेत, सगळी बघायला जाल तर तिसऱ्यानंतर एकाची दुसऱ्यात गल्लत होते. ‘तू डुक’ आणि ‘खाय दिन्ह’ या राजांची दोन पुरेत : एक तळ्याकाठचं शांत, दुसरं काँक्रीट आणि मोझेकचं भडक. वाडा आणि थडग्यांचं एकत्र तिकीट सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं.

होई आन आणि मी सन. मराठी प्रवाशाने सर्वाधिक वेळ द्यावा तो इथे. ‘मी सन’ म्हणजे चंपा या चाम लोकांच्या जुन्या राज्यातल्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकातली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथल्या ‘ए’, ‘एच’ आणि ‘के’ या मंदिर-गटांचं जतन केलं आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग मिळालं.

चूक होते ती क्रमाची. बहुतेक जण थेट मी सनला जातात, रिकामी गर्भगृहं आणि मुंडकी नसलेल्या मूर्ती बघून ‘पडकं आहे’ म्हणत परततात. इथल्या उत्तम मूर्ती दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात आहेत. हुएहून रेल्वेने दा नांगला उतरलात की सामान तिथेच सोपवून दीड-दोन तास संग्रहालय बघा, मग होई आन गाठा, आणि दुसऱ्या दिवशी मी सन. मग कोनाड्यात काय उभं होतं ते डोळ्यांपुढे येतं. होई आनहून ४० किमी आहे. पहाटे निघून दार उघडताच आत शिरा, दहानंतर विटा तापतात आणि गर्दीही येते.

जुन्या होई आनचं तिकीट १,२०,००० डाँगचं. त्याला जोडलेल्या कुपनांवर ठरावीक वास्तू बघता येतात. कुपन फाडून घेण्याआधी कोणत्या बघायच्या ते ठरवा, जपानी पूल त्यात धरा. दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या पेठेत दिवे मालवून कंदील लावतात. छान असतं, पण गर्दी गणपतीतल्या शेवटच्या दिवसांसारखी. शांतता हवी असेल तर दुसरी कुठलीही सकाळ, सहा वाजता.

देवळांत आणि पॅगोड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पातळ ओढणी किंवा पंचा पिशवीत असला की प्रश्न मिटतो.

## ८. निघताना

हॉटेलं नोंदणीसाठी पासपोर्ट घेतात. तो रात्रीच परत मागून घ्या, सकाळच्या गडबडीत काउंटरवर राहिलेले पासपोर्ट ही नेहमीची गोष्ट आहे. उरलेले डाँग शेवटच्या आदल्या दिवशी शहरातच डॉलरमध्ये बदला. भारतात ते कुणी सहसा घेत नाही, आणि विमानतळावर भाव कमी मिळतो. फक्त टॅक्सी आणि एका जेवणापुरते ठेवा. मिरचीच्या तेलासारखं बाटलीतलं काही घेतलं असेल तर ते चेक-इन सामानात टाका, आणि हातातल्या बॅगेचं वजन ७ किलोच्या आत आहे ना ते हॉटेलच्या काट्यावरच बघा. तिथल्या स्वस्त विमान कंपन्या दारापाशी काटा ठेवूनच उभ्या असतात.